एका गणिताच्या मास्तरांची गोष्ट

एम-थ्रीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी मेसला गेलोच नाही. पहिल्यांदा उडाला तेव्हा सगळ्यांबरोबर उडाला होता, म्हणून काही वाटलं नव्हतं. अर्ध्या वर्गाचा उडाला तर त्याला अपयश म्हणत नाहीत, त्याला पेपर अवघड होता असं म्हणतात! पण दुसऱ्यांदा मी जवळजवळ एकटाच होतो. रूम पार्टनरने एकदा पाठीवर थाप मारली, मग त्यालाही काय बोलावं कळेना, तो कानात इयरफोन घालून बसला.

घरी फोन केला. फोन नेमका आजीने उचलला. तिला एम-थ्री म्हणजे काय ते कळत नाही, पण नापास म्हणजे काय ते बरोबर कळतं. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली की तू राहतोस त्या कर्वेनगरात माझी आत्या शिकायला होती, कधी जाऊन बघितलंस का? मी म्हटलं, नाही. तीन वर्षं त्या भागात राहतोय, रोज कर्वे पुतळ्यावरून बस पकडतोय, आणि हे कर्वे नक्की कोण हे मला ‘स्त्रीशिक्षणाचे कार्य केले’ या एका ओळीपलीकडे माहीत नव्हतं. ती ओळसुद्धा चौथीच्या इतिहासात एका मार्काला होती, म्हणून.

तर मित्रांनो, हा लेख त्यानंतरच्या दोन महिन्यांचा आहे. लायब्ररीतून अण्णांचं ‘आत्मवृत्त’ आणलं, मग त्यांच्यावरची आणखी दोन-तीन पुस्तकं. सबमिशनच्या दिवसांत जर्नल सोडून दुसरं काहीही वाचायला गोड लागतं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहेच.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी, शेरवलीला. गाव म्हणजे दापोलीजवळचं मुरूड. (हर्णैजवळचं. जंजिऱ्याचं नव्हे. मीही आधी गोंधळलो होतो.) घरची परिस्थिती बेताची, वडील परगावी कारकुनी करत होते. गावात सोमण नावाचे एक मास्तर होते. त्या मास्तरांच्या नादाने हा मुलगा देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. स्वभावाने मुखदुर्बळ, चारचौघांत बोलायची भीती, आणि काम मात्र मोठ्याने वाचून दाखवायचं!

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. त्या काळी मराठी सहावीची परीक्षा म्हणजे मोठीच गोष्ट. ती पास झालं की शाळामास्तरची नोकरी मिळायची. १८७५ साली धोंडू परीक्षेला निघाला. मुंबईला जायचं तर समुद्र खवळलेला, बोट मिळेना. मग पोरांनी ठरवलं की साताऱ्याला जाऊ. कसं? चालत! मुरूड ते सातारा, कुंभार्ली घाट चढून, जंगलातून, शंभरावर मैल, पाठीवर वळकटी. चार दिवसांत पोचायलाच हवं होतं आणि पोचले. कमिटीपुढे उभा राहिला. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण हवीत, आणि याची ती झालेली होती. पण पोरगं अंगाने लहानखुरं. साहेबांनी वर-खाली बघितलं आणि सांगितलं की हा काही सतराचा दिसत नाही. झालं. परत पाठवला.

पेपर अवघड गेला नाही, अभ्यास कमी पडला नाही, नुसतं तोंड लहान दिसलं म्हणून वर्ष गेलं. आणि घरी परत कसं जायचं? तोच घाट उतरून. ही चार दिवसांची परतीची वाट मी बऱ्याच वेळा डोळ्यापुढे आणली. आपल्याला निदान निकाल मोबाईलवर दिसतो, रडायचं तर पांघरुणात रडता येतं.

पुढे ती परीक्षा ते पास झाले. मग रत्नागिरी, तिथे तब्येत बिघडली, मग मुंबई. मॅट्रिक १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये बी.ए., विषय गणित. तोपर्यंत लग्न होऊन कितीतरी वर्षं झालेली (राधाबाईंशी लग्न झालं तेव्हा नवरा चौदाचा, नवरी आठची), एक मुलगाही झालेला. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या, दोन-तीन शाळांत गणित शिकवलं, त्यांत मुलींच्या शाळाही होत्या. सकाळी अंधारात घर सोडायचं आणि रात्री परत. कमाईतला थोडा भाग मात्र पहिल्यापासून बाजूला काढायचा, समाजाच्या कामासाठी. गावच्या कामासाठी ‘मुरूड फंड’ही त्यांनीच उभा केला. पैशाचा हा असा हिशेबी माणूस, आणि पुढे आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पैसे मागत फिरला.

१८९१ हे साल त्यांच्यासाठी दोन तोंडांचं ठरलं. राधाबाई गेल्या. आणि त्याच वर्षी, टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यामुळे फर्ग्युसनमध्ये गणिताची जागा रिकामी होती, तिथे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना बोलावलं. टिळकांच्या जागी! आपल्या कॉलेजात लाडक्या सरांची बदली झाल्यावर नव्या सरांचं पहिल्या दिवशी काय होतं ते आठवा. कर्वे वक्ते नव्हते, विनोद करणारे नव्हते. फळ्याकडे तोंड करून नीट, पायरी-पायरीने गणित सोडवणारे मास्तर. त्यांनी तिथे १९१४ पर्यंत शिकवलं. त्यांच्या मामेभावाला, रघुनाथ परांजप्यांना, त्यांनीच शिकायला आपल्याकडे आणलं होतं. हाच मुलगा १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला, हा मान मिळवणारा पहिला भारतीय! तेव्हा मास्तर म्हणून अण्णा कसे असतील याचा हिशेब तुम्हीच करा.

पत्नी गेल्यावर दुसरं लग्न करायचं तर त्या काळच्या रिवाजाने दहा-बारा वर्षांची मुलगी मिळाली असती. पस्तिशीच्या बिजवराला कोणी नाही म्हणत नव्हतं. अण्णांनी सांगितलं की करीन तर विधवेशीच करीन. त्यांचे मुंबईतले मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई, आठव्या वर्षी लग्न आणि लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा. ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती, तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ ला पुण्यात लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सगळ्यांच्या ‘बाया’.

मुरूडला बातमी पोचली. ज्या गावासाठी फंड उभा केला त्या गावाने सभा भरवून ठराव केला की कर्व्यांबरोबर बैठकीला बसायचं नाही, आणि हे घरी येऊन राहिले तर आई आणि भावावरही बहिष्कार. पुस्तकात हे सगळं फार शांतपणे येतं. आत्मवृत्तात अण्णा कुठे आवाज चढवत नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्यालाच जास्त चीड येते. गावी जायचं आणि स्वतःच्या आईच्या घरी राहायचं नाही, हे कसं जमवलं असेल माणसाने?

पण याच्यापुढे जे झालं ते मला इंजिनिअर म्हणून (होऊ घातलेला!) जास्त महत्त्वाचं वाटतं. आधी त्यांनी विधवाविवाहाची मंडळी काढली, प्रचार केला, गावोगाव फिरले. दोन-तीन वर्षांत लक्षात आलं की याने फार थोड्या बायकांचं काम होतंय. विवाह एकीचा होतो. बाकीच्या शेकडो जणी सासरच्या स्वयंपाकघराच्या अंधारात तशाच. त्यांना हातात काही तरी हवं, स्वतःच्या पोटापुरतं कमावता यायला हवं. म्हणजे शाळा हवी. आपण डिझाईनमध्ये म्हणतो ना, प्रॉब्लेम चुकीचा घेतला तर उत्तर कितीही बरोबर येऊन उपयोग नाही. अण्णांनी प्रॉब्लेमच बदलला.

१४ जून १८९६ ला अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. अध्यक्ष रामकृष्ण गोपाळ भांडारकर. पहिली देणगी खुद्द अण्णांची, साठवलेले एक हजार रुपये. पुण्यात सुरुवात झाली, पण शहरात जागा देणार कोण? विधवा शिकणार म्हटल्यावर घरमालक दार लावायचे. त्यात प्लेग. शेवटी रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी गावाबाहेर, हिंगण्याला, सहा एकर माळ दिला आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले. १९०० साली मूठभर मुलींना घेऊन अण्णा तिथे गेले. रस्ता नाही, दिवा नाही, शेजार नाही. एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला कोल्हे.

आणि अण्णांची नोकरी फर्ग्युसनमध्ये! दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचं, संध्याकाळी आश्रमाचं सामान खांद्यावर घेऊन चार मैल चालत हिंगण्याला जायचं, रात्री मुलींना शिकवायचं, सकाळी पुन्हा चालत कॉलेजात. पावसाळ्यात त्या वाटेवर गुडघाभर चिखल व्हायचा. वाटेत लोक ओळखून शिव्या द्यायचे ते वेगळंच. बरं, हे एक-दोन दिवस नाही, पुढे कितीतरी महिने चालू होतं. त्या काळात बाया नागपूरला सुईणीचं शिक्षण घ्यायला गेल्या होत्या.

बायांविषयी थोडं थांबून लिहायलाच हवं, कारण थोरांच्या चरित्रांत बायको बहुधा चहा करण्यापुरती येते. अण्णांनी स्वतःचा पाच हजारांचा विमा काढला होता. एवढीच काय ती बायकामुलांची तरतूद. तोही त्यांनी आश्रमाला देऊन टाकला. बायांना हे कळलं तेव्हा त्या फार दुखावल्या. पदरात लहान मुलं, समाजाने टाकलेलं घर, उद्या नवऱ्याला काही झालं तर कोणाच्या दारात उभं राहायचं? मला तर इथे बायांचंच बरोबर वाटतं. अण्णांची बाजू मी पुष्कळदा वाचली. ती थोर आहे, पण तो विमा वाचताना घशात अडकतो. बाया स्वतः आश्रमासाठी खपल्या, सुईणीचं काम करून घर चालवायला हातभार लावला, आणि पुढे त्यांनीही आपलं चरित्र लिहिलं. ‘माझे पुराण’ त्याचं नाव. आत्मवृत्त वाचाल तर ते जोडीनेच वाचा.

दुसऱ्या एक पार्वतीबाई आठवले, बायांच्या धाकट्या बहीण. त्याही विधवा. लिहायला-वाचायला उशिरा शिकल्या, मग आश्रमासाठी गावोगाव भाषणं करून वर्गणी गोळा करू लागल्या. १९१८ मध्ये इंग्रजी शिकायचं म्हणून या बाई अमेरिकेला गेल्या. वय पंचेचाळिशीच्या पुढे, आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. आपण जीआरई देऊन, लोन काढून जातो आणि तरी किती टेन्शन घेतो!

एक गोष्ट मला खटकली तीही लिहितो. आश्रमात सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण विधवाच होत्या. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी याच पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली, ती जात न बघता. मग पन्नास वर्षांनंतर अण्णा एवढं जपून का वागले? त्यांचा हिशेब असा दिसतो की एका वेळी एकच भिंत पाडायची, नाहीतर वर्गणीही थांबेल आणि मुलींना घरचे पाठवणारही नाहीत. याच कारणाने आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचारही करायचा नाही असं त्यांनी ठरवलं. स्वतः पुनर्विवाह केलेला माणूस! आमच्या कट्ट्यावर यावरून रात्री दोनपर्यंत भांडण झालं. एक जण म्हणाला ही भीती, एक म्हणाला ही स्ट्रॅटेजी. मी अजून ठरवू शकलेलो नाही. एवढं खरं की १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षात, त्यांनी जातिभेदाविरुद्ध ‘समता संघ’ काढला. उशीर झाला हे बहुतेक त्यांनाही कळलं असावं.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९०७ मध्ये महिला विद्यालय, कारण आता विधवाच नव्हे तर कुमारिकाही शिकायला येत होत्या. १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ, म्हणजे संस्थेसाठी आयुष्य देणारे कार्यकर्ते तयार करण्यासाठी. १९१४ ला फर्ग्युसनमधून निवृत्त. इथे आपल्या ओळखीचे बहुतेक सर शेतावर घर बांधायला घेतात.

१९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद अण्णांकडे आलं. त्याच सुमारास जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्याकडे आलेली होती, बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्तांनी पाठवलेली. ती त्यांनी वाचली आणि भाषणात कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरूसुद्धा झालं! पहिल्या वर्गात विद्यार्थिनी किती? पाच. आमच्या एका प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये याहून जास्त पोरं असतात. भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू, आणि अण्णा पुन्हा झोळी घेऊन बाहेर.

हे विद्यापीठ सरकारी नव्हतं. सरकारची मान्यता नाही, म्हणजे त्या पदवीवर नोकरी मिळेल याची खात्री नाही. शिकवायचं मातृभाषेतून, इंग्रजी एक सक्तीचा विषय म्हणून. पदवीचं नावही वेगळं, ‘गृहीतागमा’, म्हणजे जी.ए. लोकांनी थट्टा केली असणार याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे नॅक आणि एनबीएची टीम येणार म्हटलं की कुंड्यांना रंग लावतात; इथे पस्तीस वर्षं मान्यता नव्हती! १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. तेच आजचं एसएनडीटी. कायद्याने मान्यता मिळाली ती थेट १९५१ मध्ये. अण्णा तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते, आणि ती बघायला हयात होते.

एकाहत्तराव्या वर्षी ते जगप्रवासाला निघाले, १९२९ मध्ये. युरोप, अमेरिका, जपान. सगळीकडे हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल बोलायचं आणि मदत मागायची. बर्लिनला आईनस्टाईनची भेट झाली. (हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि रूम पार्टनरला उठवलं. त्याला फारसं कौतुक वाटलं नाही, रात्रीचे तीन वाजले होते.) लगेच पुढे आफ्रिकेचा दौरा. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांत प्राथमिक शाळा काढायला आणखी एक मंडळ. सुरुवात पुन्हा स्वतःच्या खिशातून, सत्तर रुपये पेन्शनमधले महिना पंधरा रुपये.

थोरला मुलगा रघुनाथ, तोही गणिताचाच प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून त्याची नोकरी गेली, आणि १९२७ पासून त्याने ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, कोर्टकचेऱ्या सोसून. बापाला गावाने वाळीत टाकलं, मुलाला शहराने. त्या घराण्याचा हा गुणच म्हणायचा.

१९५८ ला अण्णा शंभर वर्षांचे झाले. भारतरत्न मिळालं, आणि हयात असताना टपालाच्या तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय ठरले. ९ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यात गेले, वय वर्षं १०४.

पुस्तकं परत करायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी फर्ग्युसनच्या गेटपासून चालत निघालो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये मुद्दाम पाच किलो तांदूळ. हसू नका, बघायचं होतं. डेक्कन, नळस्टॉप, डोक्यावर मेट्रो, हॉर्न, चहाच्या टपऱ्या, कर्वे पुतळा. सव्वा तास लागला. दोनदा सॅक खाली ठेवली. रस्ता डांबरी होता, पाऊस नव्हता आणि कोणी शिव्या दिल्या नाहीत (एक रिक्षावाला सोडून, पण त्याचं कारण वेगळं होतं).

हिंगणं आता शहराच्या पोटात गेलंय. झोपडी मात्र जपून ठेवली आहे, संस्थेच्या आवारात. आजूबाजूला शाळा, वसतिगृह, आणि मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेजसुद्धा, १९९१ साली निघालेलं. रविवार असूनही चार-पाच मुली ड्रॉईंग शीट्स घेऊन घाईघाईने कुठेतरी चालल्या होत्या. झोपडी खरंच लहान आहे. एवढ्याशा जागेत मुली झोपायच्या कशा आणि पाटी-पुस्तकं ठेवायच्या कुठे, हे मला बराच वेळ उभं राहूनही जुळवता आलं नाही.

तिथूनच आजीला फोन केला. तिने पहिल्यांदाच आत्याची सगळी गोष्ट सांगितली. तेराव्या वर्षी विधवा, घरात सगळे विरोधात, एका मामाने रात्री बैलगाडीत घालून बंदरावर पोचवलं आणि तिथून पुण्याला. हिंगण्याला शिकून ती एका तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. आजीची फी तिनेच भरली होती. आजीच्या पेटीत तिची एक वही अजून आहे, कोणाकोणाची फी भरली त्याच्या हिशेबाची. शेवटच्या पानावर आजीचं नाव आहे, पुढे साडेचार रुपये.

वही दिवाळीत दाखवते म्हणाली. मग विचारलं की तुझ्या त्या गणिताच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे. शुक्रवार होती. तांदूळ मी मेसच्या काकूंना दिले.